डाव्या पायाची नोकरी

आमच्या तरणतलावावर नियमांची एक लांबलचक पाटी आहे. पळू नका, थुंकू नका, काचेच्या बाटल्या आणू नका, अंगाला तेल लावून पाण्यात उतरू नका. सगळं आहे. फक्त नवऱ्याला पोहायला शिकवू नका, हे तेवढं लिहिलेलं नाही. पाटी लिहिणाऱ्याचं लग्न झालेलं नसावं.

मी त्या तलावावर शिकवते. सकाळची प्रौढांची बॅच माझी. माझ्याकडे येतात ती पन्नाशीच्या पुढची, गुडघे कुरकुरणारी, डॉक्टरांनी हाकलून पाठवलेली माणसं. त्यांना कुणाला हरवायचं नसतं. न थांबता, न दमता, लांबवर पोहता आलं म्हणजे झालं. त्यांना मी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगते, पाय कमी मारा. पायांचे स्नायू मोठे, त्यांची भूकही मोठी. तुम्ही घेतलेला सगळा श्वास ते एकटेच फस्त करतात आणि हात बिचारे उपाशी राहतात. छोट्या शर्यतीत हाताच्या एका पूर्ण फेरीला सहा लाथा मारतात, ते ठीक आहे, शर्यत संपेपर्यंतच जगायचं असतं. लांब जायचं तर फेरीला दोनच. उजवा हात पुढे पाण्यात शिरला की डाव्या पायाची एक टिचकी, डावा हात शिरला की उजव्या पायाची. मांडीपासून निघणारी आणि घोट्यात सैल. त्या टिचकीनं कंबर वळते, कंबरेनं खांदा पुढे सरकतो आणि माणूस पाण्यातून सुरीसारखा जातो. आवाज होत नाही, फेस होत नाही.

आणि तिथंच माझं घोडं अडलं. आमच्या सेक्रेटरीसाहेबांना फेस आवडतो.

सेक्रेटरीसाहेब स्वतः पोहत नाहीत. ते काचेच्या खोलीत बसून पोहणाऱ्यांकडे बघतात. गेल्या वर्षी त्यांनी एक नवा कोच आणला. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, सतत वेळ मोजणारा. आम्ही त्याचं नाव टिकटिक ठेवलं. पोरगा वाईट नाही, नम्र आहे, पण बारा वर्षांच्या मुलीपासून साठीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना सहा लाथांचाच डोस. त्याच्या संध्याकाळच्या लेनमध्ये पाणी उकळत असल्यासारखं दिसायचं.

"बघा, कसं जिवंत वाटतं!" सेक्रेटरी मला म्हणाले. "तुमचे लोक पोहतायत की नुसते तरंगतायत, ते वरून कळतच नाही हो."

"ते कळू नये म्हणूनच मी मरमर करते," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं नाही. सकाळची लेन एकच, कोच दोन. त्यांनी तोडगा काढला. दरवर्षी गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात पोहून पार जाण्याचा कार्यक्रम असतो, ठरलेल्या वेळेला घंटा वाजते. तिथं माझा निदान एक विद्यार्थी घंटेच्या आत पलीकडच्या कमानीतून बाहेर आला, तर लेन माझी. नाही आला तर सकाळची लेन टिकटिकला आणि मी दुपारी छोट्यांच्या हौदात. त्या हौदात पाणी माझ्या पोटरीपर्यंत येतं. जन्मभर लोकांना लांब पल्ल्याचं पोहणं शिकवून शेवटी पोटरीभर पाण्यात रबरी बदकं गोळा करत उभं राहायचं, या कल्पनेनंच मला रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी मी बॅचसमोर उभी राहून भाषण ठोकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तळ्याचं नाव काढल्यावर मात्र एकेक जण मागे सरकायला लागला. एकाला शेवाळाची ॲलर्जी निघाली. एकीच्या मुलीचं बाळंतपण नेमकं त्याच आठवड्यात आलं. निवृत्त न्यायाधीश होते, ते म्हणाले की तळाशी काय आहे हे दिसल्याशिवाय ते कशातच उतरत नाहीत. शेवटी लेनच्या टोकाला एकच डोकं उरलं, आणि ते माझ्या नवऱ्याचं होतं.

नवरा शहर बसचा ड्रायव्हर. कंबर धरली म्हणून वर्षापूर्वी मीच त्याला पाण्यात ढकललं होतं. ड्रायव्हर असण्याचे पाण्यात काही फायदे असतात, हे मी मान्य केलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला मी लोकांना महिनोन्‌महिने शिकवते. त्याला पहिल्या दिवशी जमलं, कारण जन्मभर दोन्ही आरसे बघत आलाय. तळ्यात दिशा चुकू नये म्हणून मधूनमधून नुसते डोळे पाण्यावर काढून पुढे बघावं लागतं, तेही त्याला सांगावं लागलं नाही. धीर तर असा, की पुढच्याच्या पायाला कधी हात लावला नाही. तो अंतर ठेवायचा. बॅच संपली की सगळे बाहेर पडेपर्यंत हा पाण्यातच उभा. मग लेनभर एक चक्कर मारून कुणाचं काही राहिलंय का बघायचा आणि रोज कुणाची तरी टोपी नाहीतर गॉगल घेऊन वर यायचा.

"ड्रायव्हर शेवटी उतरतो," तो म्हणायचा. मी कौतुकानं हसायचे. तेव्हा हसले, याचं मला पुढे फार वाईट वाटलं.

आता पायांचं सांगते. त्याची उजवी बाजू एकत्र चालायची आणि डावी बाजू एकत्र. डावा हात पाण्यात गेला की डावाच पाय हाणायचा. मग व्हायचं काय, खांदा खाली जायला निघायचा त्याच क्षणी त्याच बाजूची कंबर वर यायची, आणि मधल्यामध्ये माझा नवरा पिळलेल्या टॉवेलसारखा दिसायचा. सरळ लेनमध्ये हा माणूस नागमोडी जायचा. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. घरी मी त्याला अहो म्हणते, पण पाण्यात उतरला की माझ्या तोंडी सगळ्यांना अरे-तुरे. तिथं मानपान करायला कुणाकडे श्वास असतो?

"अरे, विरुद्ध पाय! विरुद्ध!"

"करतोय की!"

"डावा हात, उजवा पाय!"

तो थांबायचा, आपल्या हातापायांकडे परक्यासारखं बघायचा आणि पुन्हा डाव्याला डावा.

कारण कळलं ते घरच्या जेवणाच्या टेबलाखाली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डेपोत नव्या बस आल्या, क्लच नसलेल्या. तोवर पंचवीसेक वर्षं त्याचा डावा पाय क्लचवर आणि डावा हात गिअरवर, जोडीनं काम करत होते. नवी बस आली त्या संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला, "आता एकाच पायाचं काम उरलंय," आणि जेवण टाकून गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी फार लक्ष दिलं नाही. बस सोपी झाली, कंबरेला बरं, असं म्हणाले. पण तेव्हापासून तो डावा पाय घरात काम शोधत हिंडायला लागला. टेबलाखाली माझ्या पावलावर दाब देणार. टीव्ही बघताना सतरंजी खाली ढकलणार. सासूबाईंच्या अंगठ्यावर तर तो इतक्यांदा पडला, की त्या घरात बूट घालून बसायला लागल्या.

अशाच एका रात्री मी भाजी वाढायला डावीकडे वळले, त्यानं डाव्या हातानं वाटी पुढे केली आणि त्याच क्षणी माझ्या पायावर धप्पकन पाय पडला.

"अगं आई गं!" मी ओरडले. "अहो, तुम्ही गिअर टाकताय!"

"कुठे?"

"इथे! आणि पाण्यातही! डावा हात पुढे गेला की तुम्हाला वाटतं गिअर पडला, म्हणून क्लच दाबताय!"

त्यानं वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "मग गिअर उजवीकडे घ्यावा लागेल."

"घ्या की."

"अशी बस नसते," तो ठामपणे म्हणाला. त्याच्या आवाजात दुखावलेपण होतं.

"जगात असतात अशा बस. लोक चालवतात."

"लोक काय वाट्टेल ते करतात."

पण दुसऱ्या दिवशी मी घरात बस बांधली. जेवणाची खुर्ची, समोर पातेल्याचं झाकण स्टिअरिंग म्हणून, डाव्या पायाखाली जुनी उशी. उजवीकडे बादलीत वाळू भरून त्यात सासूबाईंची छत्री उभी रोवली, मूठ वर. तोच गिअर. आधी तो बसायलाच तयार होईना. मग इकडेतिकडे बघत बसला. उजवा हात छत्रीवर, डावा पाय उशीवर. हात पुढे, पाय दाब. पहिल्याच दिवशी त्याचं डोकं दुखायला लागलं. ड्रायव्हरनं कधी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं की मी घाबरते, पण मी माघार घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या, त्याच्यामागे आपली खुर्ची ओढली आणि पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

"आई, तुम्ही काय करताय?" मी विचारलं.

"रिकामी बस चालवायला त्याला कंटाळा येतो," त्या म्हणाल्या. "लहानपणीसुद्धा मागे कुणी बसल्याशिवाय ट्रायसिकल चालवत नसे."

खरोखरच तो सुधारला. मागे प्रवासी बसल्यावर पाठ ताठ झाली, हात गुळगुळीत फिरायला लागला. सासूबाई मधूनच म्हणायच्या, "जरा हळू, वळण आहे," आणि हा हळू करायचा. तोंडानं इंजिनाचा आवाजही काढायचा. मी तो आवाज पाण्यात वापरून घेतला. तोंड पाण्यात असताना सतत ढुर्रर करत राहायचं, म्हणजे श्वास आपोआप पूर्ण बाहेर पडतो आणि वळल्यावर नवा आत येतो. किती लोकांना मी बुडबुडे सोडायला शिकवताना हैराण झालेय, आणि याला इंजिन बंद करायला सांगावं लागायचं.

मग एके सकाळी पाण्यात जमलं. उजवा हात शिरला, डाव्या पायाची टिचकी पडली, कंबर वळली आणि नवरा सरळ गेला. लेनच्या मध्यभागी तळाशी काळी रेघ असते, तिच्यावरून टोकापर्यंत अगदी सरळ. टोकाला धरून उभा राहिला तेव्हा डोळे लाल झाले होते. क्लोरिनमुळे असतील.

"काम मिळालं पायाला," एवढंच म्हणाला.

मला इतका आनंद झाला की मी त्याला रागावले. "कोपर वर ठेव! हात आपटतोयस!"

कार्यक्रमाच्या दिवशी तळं शांत होतं. पलीकडच्या काठावरची कमान बोटाएवढी दिसत होती. सासूबाई तिथं आधीच जाऊन खुर्ची पकडून बसल्या होत्या, सेक्रेटरीसाहेबांच्या शेजारीच. साहेबांच्या हाताशी घंटा होती. मी आणि टिकटिक एका होडीत, वल्ही मारायला एक माणूस. होडीला ज्याचा हात लागेल तो बाद, असा नियम. निघण्याआधी संयोजकांनी कर्ण्यावरून सांगितलं, "दमलात, पायात गोळा आला, घाबरलात, तर लगेच हात वर करा. कुणीतरी तुमच्यापाशी येईल."

नवऱ्यानं ते मान हलवून ऐकलं. फार मनापासून मान हलवली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्याच्या नोकरीत एकदाच त्याच्याविरुद्ध तक्रार आली होती, की एका म्हातारबाबांनी हात दाखवूनही त्यानं बस थांबवली नाही. ते म्हातारबाबा खरं तर माशी हाकलत होते. पण हा आठवडाभर झोपला नव्हता. त्या दिवसापासून कुणी हात वर केला की हा थांबतो, मग तो माणूस फळ्यावरची धूळ का झटकत असेना.

शिट्टी झाली. टिकटिकची पोरं, बायका, बाप्ये एकदम निघाले. काय फेस! सहा-सहा लाथा, पाठीमागे पांढरी रांगोळी. माझा नवरा मागे, आवाज नाही काही नाही, दोन्ही आरसे बघत, मधून डोळे वर काढत. मी होडीत बसून तोंडानं ताल धरला होता. टिकटिक घड्याळ बघत होता.

"काका मागे आहेत," तो हळूच म्हणाला.

"काका लांब जाणार आहेत," मी म्हटलं.

तळ्याच्या एक तृतीयांशाला पांढरी रांगोळी फिकट व्हायला लागली. अर्ध्याच्या आधी नवऱ्यानं एकेकाला मागे टाकायला सुरुवात केली. मी होडीत उभी राहिले, होडीवाल्यानं मला खाली बसवलं. आणि तेवढ्यात, उजवीकडे, हिरव्या टोपीच्या बाईनं हात वर केला.

नवरा थांबला. सरळ पोहत असलेला माणूस पाण्यात उभा राहिला आणि तिच्याकडे गेला.

"काय झालं? गोळा?"

"छे! मुलीला हात करतेय, ती फोटो काढतेय तिकडे!" बाईनं दूरच्या एका होडीकडे बोट दाखवलं.

"यायचं नसेल तर हात कशाला दाखवता?" तो चिडला.

"अरे, चल!" मी होडीतून किंचाळले. "तुझं काय जातंय? चल पुढे!"

तो निघाला. पण गेलेला वेळ गेला. टिकटिकनं घड्याळाची काच तेवढी पुसली. मला त्या पुसण्याचाही राग आला.

अर्धं तळं ओलांडल्यावर दुसरा हात वर झाला. हा खरा होता. टिकटिकच्या बॅचमधले दाताचे डॉक्टर, अंगानं भरभक्कम, सुरुवातीला सगळ्यात जास्त फेस त्यांचाच. आता चेहरा खडूसारखा. आमची होडी लांब होती, होडीवाला वल्ही मारत सुटला. आम्ही पोचायच्या आधी नवरा तिथं होताच. त्यानं डॉक्टरांना पाठीवर आडवं व्हायला सांगितलं, पायाची बोटं अंगाकडे ओढायला लावली, पोटरीतला गोळा सुटला. आम्ही जवळ आलो तशी डॉक्टरांची नजर होडीच्या काठावर खिळली. हात लावला की बाद, पण हात लावला की सुटका.

"बसायचंय की पुढे जायचंय?" नवऱ्यानं विचारलं. अगदी थांब्यावर विचारतात तसं.

"जायचं होतं हो," डॉक्टर म्हणाले. "पण पाय संपले."

"पाय लागतच नाहीत. गाडी चालवता ना?"

"चालवतो."

"मग सोपं आहे. क्लच दाबायचा."

"माझी ऑटोमॅटिक आहे."

"अरेरे," नवरा म्हणाला, आणि त्याला खरोखर वाईट वाटलं.

मग माझ्या डोळ्यांदेखत, माझी लेन घंटेच्या वाटेवर असताना, तो त्या माणसाला पाण्यात शिकवत बसला. पाय सोडून द्या. नुसते लोंबू द्या. उजवा हात पुढे, आता डाव्या पायानं टुक. जोर नको, टुक. श्वास पूर्ण बाहेर, ढुर्रर करा. लाजू नका, मीही करतो. मी हातात डोकं धरून बसले. माझ्याच शब्दांनी तो माझा घात करत होता, आणि शिकवत होता इतकं छान, की मधे तोंड घालायला जागाच नव्हती.

ते निघाले. नवरा पुढे, डॉक्टर त्याच्या मागे, नवऱ्याच्या पायांच्या रेषेत. दुसऱ्याच्या मागून पोहलं की पाणी आधीच कापलेलं मिळतं, ताकद वाचते. पण पुढचा लाथा झाडत असेल तर मागच्याला डोळ्यांत फेसच फेस. माझ्या नवऱ्याच्या शांत पायांमागे मात्र कुणालाही बरं वाटावं. थोड्या वेळानं हिरव्या टोपीची बाई त्यांच्या मागे लागली. मग आणखी दोघं दमलेले. नवरा श्वासाला वळला की ओरडायचा, "क्लच!" आणि मागचे चारही जण टुक करायचे.

टिकटिकनं घड्याळ मांडीवर ठेवलं होतं. "एका तालात आहेत सगळे," तो म्हणाला. "मी यांना वर्षभर शिकवलं, असे कधी गेले नाहीत."

मला त्याचा राग धरायचा होता, पण जमेना.

कमान मोठी व्हायला लागली. सेक्रेटरी घंटेची दोरी धरून उभे दिसले. सासूबाई खुर्चीवर उभ्या होत्या, पर्स हलवत. मी टिकटिकच्या घड्याळात बघितलं. वेळ होता. थोडा, पण होता. नवऱ्याचे पाय तळाला लागले, तो कमरेभर पाण्यात उभा राहिला. कमान त्याच्यापासून हाकेच्याही आत. मी देवाचे आभार मानले.

आणि तो बाजूला झाला. कमानीकडे पाठ करून, हात पसरून, पाण्यात उभा.

"सावकाश," तो मागच्यांना म्हणाला. "खाली दगड आहेत. पाय जपून. एकेक जण."

"अरे, चल!" माझा आवाज फाटला. "आधी तू! तू आधी!"

"उतरू दे की लोकांना!" तो माझ्याकडे वळून म्हणाला, जरा वैतागूनच.

डॉक्टर त्याच्या खांद्याला धरून पुढे गेले. त्यांच्यामागे दोघं दमलेले. त्यांच्यामागे हिरवी टोपी, आता टोपीशिवाय. नवऱ्यानं डोकी मोजली. मग सवयीनं मागे वळून पाण्यावर नजर टाकली. वीसेक हातांवर काहीतरी हिरवं तरंगत होतं.

"नको," मी म्हटलं. ओरडायलाही त्राण उरलं नव्हतं. "अहो, नका ना."

तो गेला. डाव्याला उजवा, उजव्याला डावा, अगदी निर्दोष टिचक्या मारत टोपीपर्यंत गेला. वर्षभरात इतका सुंदर तो कधी पोहला नव्हता. टोपी उचलली आणि घंटा वाजली.

मी होडीतून उडी मारून काठावर पोचले तेव्हा तो कमानीतून बाहेर येत होता, ओली टोपी हातात. "कुणाची?" विचारत होता.

"तुमची लेन गेली हो," सेक्रेटरी मला म्हणाले. त्यांच्या बुटांत पाणी गेलं होतं, त्यामुळे सूर आणखी वाईट लागला. "तुमचा विद्यार्थी घंटेनंतर आला. मी स्वतः वाजवली."

रडू येत होतं आणि नवऱ्याला बदडावंसंही वाटत होतं, कुठलं आधी करावं ते ठरत नव्हतं.

"एक मिनिट," दाताचे डॉक्टर वाळूत बसल्या बसल्या म्हणाले. टॉवेल गुंडाळून ते अजून धापा टाकत होते. "मी घंटेच्या आधी आलो की नाही?"

"आलात. पण तुम्ही या कोचचे."

"अर्ध्या तळ्यापर्यंत. तिथं मी संपलो होतो. पुढचं मला या ड्रायव्हरसाहेबांनी शिकवलं. त्यांना कुणी शिकवलं? या बाईंनी. मग मी यांचाच झालो ना?"

"नियमात विद्यार्थी म्हटलंय," सेक्रेटरी म्हणाले. "विद्यार्थ्याचा विद्यार्थी असं काही नाही."

सासूबाई खुर्चीवरून खाली उतरल्या. "विद्यार्थ्याचा विद्यार्थी म्हणजे नातू झाला," त्या म्हणाल्या. "आणि नातवाला परका म्हणणारं घर मी तरी बघितलेलं नाही. तुम्ही म्हणता का हो तुमच्या नातवाला?"

सेक्रेटरींना तीन नातवंडं आहेत. त्यांनी टिकटिककडे पाहिलं, मदतीसाठी.

टिकटिकनं घड्याळ पुढे केलं. "वेळेत आलेत, सर. इथं आहे." मग म्हणाला, "आणि त्यांना होडीत घ्यायलाच निघालो होतो मी. माझ्याकडून ते गेलेच होते."

सेक्रेटरींनी एक बूट काढला, पाणी ओतलं, पुन्हा घातला. "राहू दे लेन," ते पुटपुटले. "या वर्षी. पुढच्या वर्षी नियम नीट लिहीन."

मी नवऱ्याकडे वळले. तो हिरव्या टोपीच्या बाईंना टोपी देत होता आणि ती आतून धुऊन वाळवायला सांगत होता. त्याला काय गेलं होतं, काय परत आलं, यातलं काही कळलं असावं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

घरी जाताना आमची जुनी गाडी मी चालवायला घेतली. तो पार दमला होता. सासूबाई मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन. मी रस्ताभर त्याला झापलं. तुम्हाला टोपी दिसली, माझी लेन नाही दिसली. तुम्हाला जगाची काळजी, घरची नाही. उद्या मी बुडत असले तरी आधी बाकीच्यांना उतरू द्याल. शेवटी मी त्याच्याकडे बघितलं, तर मान कलंडलेली, तोंड उघडं. झोपला होता.

चढ आला. मी गिअर बदलला. त्याच्या बाजूला काहीतरी हललं. मी पुढच्या वळणावर पुन्हा बदलला आणि खाली नजर टाकली. झोपेतच त्याचा डावा पाय, मोजा न घातलेला, अजून ओला, गाडीच्या रिकाम्या तळावर दाब देत होता. माझ्या हाताबरोबर, नेमका.

"मागे कुणीतरी बसलंय ना," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या.

चढ संपला. पुढचा रस्ता सरळ होता, मोकळा होता, गिअर बदलायची काही गरज नव्हती. घर येईपर्यंत मी उगाचच बदलत राहिले.